चार इंचांची माणसं, दोन हजार वर्षांचे कपडे

कपडे वाळत घालायचा लाकडी चिमटा, फेल्टचे तुकडे, जुनं सुती कापड आणि फेव्हिकॉल. एवढ्यात जुन्नर-आंबेगावचा इतिहास उभा राहतो. फक्त कात्री चालवण्याआधी बरेच प्रश्न विचारावे लागतात.

दिवाळीतला किल्ला तुमच्यापैकी प्रत्येकाने एकदा तरी केलाच असेल. दगड-विटा रचायच्या, वर पोतं टाकायचं, त्यावर माती थापायची, हळीव पेरायचे आणि मग बाजारातून आणलेली चित्रं मांडायची. सिंहासनावर महाराज, बुरुजावर मावळे, पायथ्याला तोफ, विहिरीवर पाणी भरणारी बाई आणि गुहेत वाघ. आता जरा आठवून बघा. त्या मावळ्याच्या अंगात काय होतं? डोक्याला काय बांधलं होतं? पायात काही होतं का?

नाही ना आठवत? साहजिक आहे. साच्यातून आलेलं चित्र आपण नुसतं मांडतो, त्याच्या कपड्यांकडे बघत नाही. पण तोच मावळा स्वतःच्या हाताने करायला बसा, पहिल्या पाच मिनिटांत अडाल. कारण आता कापड तुम्हाला कापायचंय. बाही किती लांब? रंग कुठला? बटण लावू की बंद? इतिहासाच्या पुस्तकात लढाईची तारीख असते, तहाच्या अटी असतात. लढणारा माणूस काय घालून लढला, हे बहुतेक वेळा नसतं.

मी चिमट्यांच्या पाच बाहुल्या करायला घेतल्या. पाचही माणसं आपल्याच दोन तालुक्यांतली. त्यातल्या चार इथे सांगते. पाचवी तुमच्यासाठी ठेवलीय.

आधी चिमटा समजून घ्या

बाहुलीला चालतो तो जुन्या पद्धतीचा, अखंड लाकडाचा चिमटा. वर गोल डोकं, खाली मधोमध चीर, म्हणजे आपोआप दोन पाय. हा आता क्राफ्टच्या दुकानात किंवा ऑनलाइन मिळतो. आपल्या दोरीवर असतो तो स्प्रिंगचा, आणि त्याचं पेटंट अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यातल्या डेव्हिड स्मिथने १८५३ मध्ये घेतलं. स्प्रिंगचाच चिमटा असेल तरी बिघडत नाही. स्प्रिंग काढा, दोन फाळ्या सपाट बाजूने एकमेकींना चिकटवा, वर लाकडी मणी बसवा. झालं डोकं.

अखंड चिमट्याला डोकं आणि पाय आयतेच असल्यामुळे युरोप-अमेरिकेत त्याच्या बाहुल्या घरोघरी झाल्या. लाकडी बाहुल्यांना कपडे चढवायचा नाद तर राजवाड्यातही होता. इंग्लंडच्या राणी व्हिक्टोरियाने लहानपणी आपली गव्हर्नेस लेझेन हिच्यासोबत १३२ लाकडी बाहुल्या सजवल्या होत्या. त्यात दरबारातल्या स्त्रिया होत्या, ऑपेरा आणि बॅलेमधली पात्रंही होती.

आपल्याकडे लाकडी बाहुली नवीन नाही. ठकी म्हणजे तीच की! सावंतवाडीचे कारागीर पांगाऱ्याच्या हलक्या लाकडातून खेळणी करतात, हेही तुम्हाला माहीत असेल. चिमट्याची बाहुली म्हणजे या ठकीची लांबची बहीण समजा.

आता फेल्ट. हे विणलेलं कापड नाही. तंतू एकमेकांत गुंतवून, दाबून केलेला तो ताव असतो. उभे-आडवे धागेच नसल्याने कापल्यावर कडेचे दोरे सुटत नाहीत, कडा दुमडून शिवाव्या लागत नाहीत. म्हणून नवशिक्याला फेल्ट सोपं जातं. पण त्याच्या निऱ्या पडत नाहीत आणि ते अंगाला धरून राहत नाही. त्यामुळे घोंगडी, पागोटं, जोडे, ढाल यांना फेल्ट घ्या. नेसायच्या वस्त्राला मात्र जुनं, मऊ, पातळ सुती कापडच हवं. जुनी ओढणी किंवा आजोबांचं धोतर यासारखं दुसरं काही नाही. अर्थात, आधी विचारून!

पहिली बाहुली : जिचे फक्त पाय उरले

पावसाळ्यात नाणेघाटात तुम्ही गेला असाल, रीलही टाकलं असेल. तिथल्या लेण्यात आत शिरून भिंतींकडे पाहिलंत का? डाव्या-उजव्या भिंतींवर ब्राह्मी लिपीत, प्राकृत भाषेत सातवाहनांचा मोठा शिलालेख आहे. केलेल्या यज्ञांची आणि दिलेल्या दक्षिणेची त्यात यादी आहे, आकड्यांसकट. समोरच्या भिंतीवर एकेकाळी राजघराण्यातल्या माणसांच्या मूर्ती होत्या. प्रत्येकीच्या डोक्यावर नाव कोरलेलं. सिमुक सातवाहन, राणी नागनिका, राजा सातकर्णी, पुढे राजकुमार आणि एक महारठी. आज नावं वाचता येतात, पण मूर्तींच्या जागी पायांच्या खुणा तेवढ्या उरल्यात.

म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीचा फॅमिली फोटो आपल्या घाटात होता आणि त्यातले चेहरे-कपडे गेले. मग नागनिकेला नेसवायचं काय?

अशा वेळी शेजारी बघायचं. आपल्याच जिल्ह्यात भाजे आणि कार्ल्याची लेणी आहेत. त्यांच्यावरच्या स्त्री-पुरुषांच्या शिल्पांवरून सातवाहन काळाची कल्पना येते. शिवलेला कपडा जवळजवळ नाहीच. कमरेला नेसलेलं वस्त्र, त्यावर मेखला, खांद्यावरून उत्तरीय, हातात भरगच्च बांगड्या, पायात जाड वाळे. पुरुषांच्या डोक्याला मोठं पागोटं. आजची नऊवारी, चोळी, नथ यातलं काही नागनिकेला घातलंत तर ते चुकलं. मालिकेत छान दिसेल, पण चुकलं.

आणखी एक गंमत आहे. शिलालेखात राणीचं जे वर्णन येतं, त्यात ती महिना महिना उपवास करणारी, घरात राहून तपस्विनीसारखं जगणारी आहे. तेव्हा तिला दागिन्यांनी मढवायचं, की साधं एक पांढरं वस्त्र द्यायचं? मी साधं वस्त्र दिलं. मेखला म्हणून सोनेरी धाग्याचा एकच वेढा. तुम्ही वेगळं ठरवू शकता. मात्र का ठरवलं, ते सांगता आलं पाहिजे.

दुसरी बाहुली : शिवनेरीचा मावळा

१९ फेब्रुवारी १६३० ही तारीख आपल्याला पाठ आहे. २०२५ मध्ये मराठा लष्करी स्थापत्य म्हणून १२ किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले, त्यात शिवनेरी आहे, हेही माहीत आहे. आता त्या गडावरचा पहारेकरी करू.

पुरावा कुठे आहे? थोडा परदेशात. सतराव्या शतकात दख्खनमध्ये काढलेली शिवाजी महाराजांची चित्रं युरोपियन लोकांनी तिकडे नेली. त्यातली काही आज ॲमस्टरडॅम, लंडन आणि पॅरिसमध्ये आहेत. इतिहाससंशोधक वा. सी. बेंद्रे यांनी अशा एका अस्सल चित्राचा शोध घेऊन १९३३ मध्ये ते लोकांपुढे आणलं. त्याआधी भलत्याच माणसाचं चित्र महाराजांचं म्हणून छापलं जात होतं. विचार करा, ज्यांचा फोटो आपल्या गाडीच्या काचेवर असतो, त्यांचं रूपही कुणीतरी कागद धुंडाळून आपल्याला मिळवून दिलंय.

मनुची या इटालियन प्रवाशासाठी मीर मुहम्मद या चित्रकाराने काढलेल्या चित्रात महाराज घोड्यावर आहेत आणि सोबत पायी चालणारी माणसं आहेत. मावळा करायचा तर आधी या पायी चालणाऱ्यांकडे बघा. फक्त चित्रकार मराठा मुलखातला नव्हता, हे ध्यानात ठेवा.

जामा करायची सोपी रीत सांगते. साडेतीन इंच व्यासाचं गोल सुती कापड कापा, मधोमध अर्ध्या इंचाचं भोक पाडा आणि चिमट्याच्या कमरेपर्यंत चढवा. हा झाला घेर. वरचा भाग वेगळा गुंडाळायचा आणि कमरेला शेला आवळून जोड झाकायचा. बटण नाही, बंद! मुघल काळातल्या चित्रांत तर बंद कोणत्या बाजूला बांधलेत, यावरूनही अभ्यासक माणूस ओळखतात. एवढासा बंद, पण बघा त्याचं महत्त्व.

आणि रंग? स्टेशनरीच्या दुकानातल्या फेल्टच्या पाकिटात पहिला दिसतो तो भडक गुलाबी. तो बाजूला ठेवा. कृत्रिम रंगांची सुरुवात १८५६ मध्ये झाली. विल्यम पर्किन नावाच्या १८ वर्षांच्या इंग्लिश मुलाला प्रयोगशाळेत औषध करता करता जांभळा रंग सापडला. त्याआधीचे रंग म्हणजे नीळ, मंजिष्ठा, हळद, लाख आणि असेच निसर्गातले. तेव्हा १८५६ च्या आधीच्या कुठल्याही बाहुलीला निऑन रंग वर्ज्य. विटकरी, निळा, पिवळसर, मळकट पांढरा वापरा. किल्ल्यावर ठेवलात की फरक लगेच कळेल.

तिसरी बाहुली : घोंगडी पांघरलेला बंडखोर

आता आंबेगावात चला, भीमाशंकरच्या डोंगराकडे. जांभोरीचे होनाजी केंगले महादेव कोळी समाजातले. १८७३ च्या सुमारास त्यांनी सावकारांविरुद्ध हत्यार उचललं. कर्जापायी जमिनी सावकारांच्या घशात जात होत्या. गॅझेटियरमध्ये सावकारांची नाकं कापल्याच्या नोंदी आहेत. इंग्रजांना त्यांना धरायला १८७६ उजाडलं. याच काळात, १८७५ मध्ये, आपल्या जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या जाळल्या होत्या. इंग्रजांच्या कागदात होनाजी दरोडेखोर आहेत. डोंगरातल्या गावांत ते क्रांतिवीर आहेत.

या बाहुलीला सगळ्यात कमी कपडे लागतात. लंगोटी, डोक्याला मुंडासं आणि घोंगडी. पण तीच करायला मला सगळ्यात जास्त आवडली, कारण फेल्ट इथे खऱ्या अर्थाने कामाला येतं. खरं फेल्ट मुळात लोकरीचंच. घोंगडीही लोकरीची, फक्त ती विणतात आणि ताण्याला चिंचोक्याची खळ देतात. काळ्या किंवा तपकिरी फेल्टचा चार बाय तीन इंचांचा तुकडा घ्या. एक कोपरा दुमडून टाका घाला, झाली खोळ. ती डोक्यावर चढवा, बाकीची घोंगडी पाठीवर सोडा. पावसात भाताच्या खाचराकडे निघालेले आजोबा आठवले ना? दीडशे वर्षांत राजवट बदलली, कायदे बदलले, पण खोळ घ्यायची पद्धत तीच राहिली.

चौथी बाहुली : कापडासाठी गेलेला

आंबेगाव तालुक्यातच महाळुंगे पडवळ आहे. हुतात्मा बाबू गेनू सैद तिथले. गरीब घरातला पोरगा, पोटासाठी मुंबईला गेला, गिरणीत लागला. स्वदेशीची चळवळ जोरात होती. १२ डिसेंबर १९३० या दिवशी काळबादेवी भागात परदेशी कापड भरलेली लॉरी अडवायला तो रस्त्यात उभा राहिला. हटला नाही. लॉरी त्याच्या अंगावरून गेली.

त्याचं वय तेव्हा २२ होतं. हे लिहिताना माझंही २२ आहे. तुमचंही त्याच्या आसपास असेल.

आता या बाहुलीला कापड कुठलं घ्यायचं, हा प्रश्न नुसता हस्तकलेचा राहत नाही. आपण वापरतो ते स्वस्त फेल्ट बहुतेक पॉलिस्टरचं असतं. पाकीट उलटं करून कुठून आलंय ते वाचा. ज्याने परदेशी कापडासमोर स्वतःला झोकून दिलं, त्याच्या बाहुलीला हे घालायचं? मला ते जमलं नाही. खादीचा जुना रुमाल शोधला, त्यातून सदरा आणि धोतर कापलं. टोपीला खादीच्याच दोन पट्ट्या. खादी जाड असते, चार इंचांवर ती फुगते, सदरा जरा बेढब दिसतो. तसाच राहू दिला.

गिरणीत कापड बनवणारा माणूस कापडासाठीच गेला. शाळेत आपण १२ डिसेंबरला त्याच्या नावाने भाषणं ऐकली असतील. पण अंगातल्या टी-शर्टचं लेबल वाचायची सवय किती जणांना आहे?

नऊवारीचं गणित

एक बाहुली मोजणीत धरली नव्हती. नारायणगावची तमाशासम्राज्ञी विठाबाई. जन्म १९३५, निधन २००२. राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान झाला, राज्य सरकारचा जीवनगौरव पुरस्कार आज त्यांच्या नावाने दिला जातो. प्रयोग चालू असताना बाळंत होऊन त्या पुन्हा फडावर उभ्या राहिल्या, ही गोष्ट तुम्ही ऐकली असेल. गुढीपाडव्याच्या सुमारास नारायणगावात राहुट्या लागतात आणि गावोगावचे लोक जत्रेच्या सुपाऱ्या द्यायला येतात, ते तर आपण बघतोच.

ही बाहुली मी गणितासाठी केली. पाच फुटांची बाई म्हणजे ६० इंच. चिमटा ४ इंचांचा. म्हणजे आपण माणूस १५ पट लहान केला. नऊवार म्हणजे ३२४ इंच, भागिले १५, आले साधारण २२ इंच. बरोबर आहे ना? मग २२ इंचांची पट्टी चिमट्याला नेसवून बघा. विठाबाई राहतील बाजूला, तुमच्या हातात कापसाचा बोळा येईल.

का? कारण लांबी आपण १५ पट कमी केली, कापडाची जाडी नाही केली. ती तेवढीच राहिली. त्यामुळे सात इंच पुरे. इंजिनीअरिंगवाल्यांनो, स्केल मॉडेलचा हा धडा तुम्हाला व्हायवामध्ये उपयोगी पडेल. काष्टा मात्र नीट काढा. दोन पाय मोकळे दिसले पाहिजेत, कारण काष्ट्यामुळेच नाचता येतं. चाळ म्हणून पायाला सोनेरी मण्यांची दोरी गुंडाळा.

तळाला तीन ठिपके

बाहुली झाली की एक काम न चुकता करा. चिमट्याच्या तळाला रंगाचा ठिपका द्या. शिल्पात, चित्रात, फोटोत पाहून केलं असेल तर हिरवा. कुठे वाचून किंवा कुणाकडून ऐकून केलं असेल तर पिवळा. अंदाजाने केलं असेल तर लाल. एका बाहुलीला तिन्ही ठिपके असू शकतात. माझ्या नागनिकेला आहेत. तिचा चेहरा, तिची उंची, वस्त्राचा नेमका काठ, सगळं लालमध्ये. व्हॉट्सॲपवर इतिहासाच्या नावाखाली येणाऱ्या मेसेजना असे ठिपके द्यायचे ठरवले, तर हिरवे किती निघतील?

पाचवी बाहुली तुमची

आता राहिलेली बाहुली. आंबेगाव तालुक्याला ज्या गावाचं नाव आहे, ते जुनं आंबेगाव डिंभे धरणाच्या पाण्यात गेलं. घरं गेली, वाटा गेल्या. तिथली माणसं वेगवेगळ्या गावांत पांगली. त्या गावातली बाई बाजाराला जाताना कसं लुगडं नेसायची, हे कुठल्या शिल्पात नाही, पॅरिसच्या चित्रातही नाही. ते ज्यांना ठाऊक आहे, त्या बायका आज तुमच्या घरात आहेत. आजी, आत्या, शेजारच्या मावशी. तुमचं गाव जुन्नरचं असो की आंबेगावचं, धरणात गेलेलं असो की नसो, हे सगळीकडे लागू आहे.

म्हणून या सुट्टीत फोन बाजूला ठेवा, किंवा फोनचा रेकॉर्डर चालू करा आणि त्यांना विचारा :

– वर्षाला लुगडी किती मिळायची? कोण आणायचं, कुठल्या बाजारातून?
– रोजचं आणि सणाचं यात फरक काय होता?
– चोळी कोण शिवायचं? खण कुठला?
– हिरडा गोळा करायला, भात लावायला जाताना काय नेसायच्या? पावसात डोक्यावर काय, घोंगडी की इरलं?
– लग्नातलं लुगडं अजून आहे का? बघू का?

शेवटचा प्रश्न विचारलात की ट्रंक उघडेल. त्या लुगड्याला कात्री लावू नका! काठाचा फोटो घ्या, रंग जुळवा आणि दुसऱ्या जुन्या कापडातून बाहुली करा. बाहुली आजीच्या हातात द्या आणि पदर बरोबर आलाय का ते विचारा. बहुतेक वेळा बरोबर नसेल. त्या सोडतील आणि स्वतः नेसवून दाखवतील. तेव्हा रेकॉर्डर चालूच ठेवा.

यंदाच्या दिवाळीत किल्ल्याच्या पायथ्याशी तिला जागा द्या. बुरुजावर मावळे असतीलच. खाली नागनिका, घोंगडीतले होनाजी, खादीतला बाबू गेनू, चाळ बांधलेल्या विठाबाई आणि त्यांच्या शेजारी तुमच्या गावची ती बाई. बघायला आलेलं एखादं पोरगं विचारेलच, ही कोण? तुम्हाला नाव माहीत असेल.